प्रतिपिंडाच्या शेपटीचा माग

पीएचडीच्या काळात मी प्रतिपिंडाकडे, म्हणजे शरीर परक्या गोष्टी ओळखण्यासाठी बनवते त्या अँटिबॉडीकडे, केवळ एक प्रथिन म्हणून पाहत होते. सुमारे दीड लाख डाल्टन वजनाचा, दोन जड आणि दोन हलक्या साखळ्यांनी बनलेला हा रेणू शुद्ध कसा करावा, तो किती तापमानाला उलगडतो, त्याच्या टोकांची पकड किती घट्ट आहे, एवढ्याच प्रश्नांत माझी वर्षे गेली होती. जिवंत पेशी मी हाताळल्या होत्या त्या फक्त प्रथिन तयार करून घेण्यापुरत्या. त्यामुळे कर्करोगावरील प्रतिपिंडे आणि रोगप्रतिकारक पेशी यांच्यावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्या हाती रेणूचे ज्ञान होते, परंतु तो रेणू ज्यांनी वाचायचा त्या पेशींची ओळख नव्हती. ही ओळख होण्यात माझी तीन वर्षे गेली. त्यातील पहिल्या वर्षाबद्दल मला विशेष लिहायचे आहे, कारण त्या वर्षात एक चूक माझ्या हातून झाली आणि तिने पुढचे सगळे काम घडवले.

प्रतिपिंडाला दोन हात आणि एक शेपटी असते असे आम्ही नवीन विद्यार्थ्यांना सांगतो. हातांची टोके कर्करोगाच्या पेशीवरील ठरावीक प्रथिनाला पकडतात. शेपटी, जिला शास्त्रीय भाषेत एफसी भाग म्हणतात, मोकळी राहते, आणि शरीरातील नैसर्गिक मारक पेशी किंवा भक्षक पेशी आपल्या पृष्ठभागावरील ग्राहींनी, म्हणजे पकड घेणाऱ्या प्रथिनांनी, ही शेपटी ओळखतात. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तेवढे तयार करण्याची पद्धत शोधली, १९९७ मध्ये रिटुक्सिमॅब आणि १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब ही कर्करोगावरील प्रतिपिंड-औषधे अमेरिकेत मान्यता मिळवून रुग्णांपर्यंत पोहोचली, आणि बराच काळ चर्चा हातांचीच होत राहिली: औषध कशाला चिकटते आणि वाढीचा कोणता संदेश अडवते. २००० साली उंदरांवरील प्रयोगांतून असे दिसले की ज्या उंदरांमध्ये शेपटी ओळखणारे उत्तेजक ग्राही काम करत नाहीत, त्यांच्यात याच दोन औषधांचा परिणाम फार मोठ्या प्रमाणात नाहीसा होतो. म्हणजे पकडण्याचे काम हातांचे असले, तरी मारण्याच्या कामाचा मोठा वाटा शेपटीकडे होता. मी ज्या प्रकल्पात आले तो या शेपटीचा होता.

शेपटीवर दोन्ही जड साखळ्यांत २९७ क्रमांकाच्या जागी साखरेची एक फांदी जोडलेली असते, आणि त्या फांदीवर बहुधा फ्युकोज नावाची एक छोटी साखर असते. ही एक साखर काढून टाकली, तर मारक पेशींवरील सीडी१६ या ग्राहीशी शेपटीची पकड ५० पटींपर्यंत वाढू शकते, हे २००२ च्या सुमारास स्पष्ट झाले होते. २०१३ मध्ये मान्यता मिळालेल्या ओबिन्युटुझुमॅब या प्रतिपिंड-औषधामध्ये याच तत्त्वाचा उपयोग केलेला आहे. आमच्या प्रयोगशाळेला त्यापुढे जायचे होते. साखरेला हात न लावता शेपटीतील काही अमिनो आम्ले बदलून तेवढाच किंवा त्याहून अधिक परिणाम साधता येतो का, हे मला तपासायचे होते. लक्ष्य म्हणून आम्ही एचईआर२ हे स्तनाच्या कर्करोगातील परिचित प्रथिन निवडले होते.

प्रतिपिंडे तयार करणे मला अवघड गेले नाही. पेशींनी पोषकद्रवात सोडलेले प्रथिन प्रतिपिंडाला धरून ठेवणाऱ्या प्रोटीन ए च्या स्तंभावर अडकवायचे, मग पीएच ३ च्या आसपासच्या आम्लद्रावणाने ते सोडवून घ्यायचे आणि लगेच उदासीन करायचे, हे काम माझ्या अंगवळणी पडलेले होते. अवघड होता तो दुसरा भाग.

रक्त सकाळी येत असे. निरोगी दात्यांनी संमतीपूर्वक दिलेले, नावाऐवजी केवळ सांकेतिक क्रमांक असलेले ते ५० मिलिलिटर रक्त मी आधी द्रावणात मिसळून पातळ करायची आणि १.०७७ घनतेच्या फिकॉल या जड द्रावणाच्या थरावर नळीच्या कडेने अगदी सावकाश सोडायची. हात थरथरला की दोन थर एकमेकांत मिसळतात आणि मग पुढचा सगळा दिवस वाया जातो. अर्धा तास सेंट्रिफ्यूज फिरवायचे, तेही ब्रेक बंद ठेवून, कारण यंत्र झटकन थांबले तरी थर ढवळले जातात. झाकण उघडल्यावर तळाशी गडद लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि या दोहोंच्या मधोमध साय धरावी तसे एक पांढुरके, अंधुक कडे दिसते. ज्या पेशींसाठी हा खटाटोप, त्या या कड्यात असतात. पिपेटचे टोक नळीच्या काठाला टेकवून ते कडे गोलाकार फिरवत खेचून घ्यायला मला सुमारे दोन महिने लागले, आणि आजही ते कडे दिसले की मला मनापासून आनंद होतो.

त्यातील लसिकापेशींपैकी नैसर्गिक मारक पेशी साधारण ५ ते १५ टक्केच असतात. नको असलेल्या पेशींना चुंबकीय कण चिकटवून त्या चुंबकापाशी अडवायच्या आणि मारक पेशी अस्पर्श बाहेर येऊ द्यायच्या, अशी पद्धत आम्ही वापरत होतो. एवढ्या सगळ्या खटपटीनंतर हाती लागत त्या तीस-चाळीस लाख पेशी. हा आकडा मोठा वाटतो, परंतु ९६ खळग्यांच्या प्लेटवर हिशेब मांडला की त्याचा अर्थ कळतो. चार प्रतिपिंडे, प्रत्येकाची सहा प्रमाणे, प्रत्येक प्रमाण तीन खळग्यांत, आणि प्रत्येक खळग्यात पन्नास हजार मारक पेशी: ७२ खळग्यांत ३६ लाख पेशी संपतात. पेशी गोठवून साठवाव्यात, तर वितळवल्यानंतर त्यांची मारकक्षमता घटते, म्हणून प्रत्येक प्रयोग ताज्या रक्तावरच करावा लागत असे. काटकसर करणे भागच होते, आणि मी ती नेमकी चुकीच्या जागी केली.

चार प्रतिपिंडे म्हणजे मूळ प्रतिपिंड, फ्युकोज काढलेले प्रतिपिंड, अमिनो आम्ले बदललेले आमचे नवे प्रतिपिंड, आणि कर्करोगाच्या पेशीवरील कशालाच न चिकटणारे, विकत आणलेले एक तुलनेचे प्रतिपिंड. हे शेवटचे प्रतिपिंड शांत राहत होते, म्हणून प्रयोग ठीक चालला आहे असे मी मानले. मारक पेशी चेतवली गेली की ती पर्फोरिन आणि ग्रँझाइम या मारक प्रथिनांनी भरलेल्या कणिका बाहेर रिकाम्या करते, आणि त्या वेळी कणिकेच्या आवरणावरील सीडी१०७ए हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येते. एकेक पेशी तपासून मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटर या यंत्रावर हे प्रथिन मोजले की किती पेशींनी शस्त्रे बाहेर काढली ते कळते. आमच्या नव्या प्रतिपिंडाने हे प्रमाण मूळ प्रतिपिंडापेक्षा कितीतरी वर नेले होते, आणि कमी मात्रेतसुद्धा ते फ्युकोजरहित प्रतिपिंडाच्या बरोबरीला येत होते. एका पाठोपाठ पाच दात्यांच्या रक्तात मला हेच दिसले. शोधनिबंधाची पहिली आकृती माझ्या डोळ्यांपुढे तयार झाली होती.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. कर्करोगाच्या किती पेशी मेल्या हे मी वेगळ्या खळग्यांत मोजत होते, आणि तेथे नव्या प्रतिपिंडाची आघाडी अगदीच किरकोळ होती. शस्त्रे बाहेर निघत होती, पण शत्रू त्या प्रमाणात मरत नव्हता. मी या विसंगतीला कारणे शोधली: चार तासांचा अवधी अपुरा असेल, निवडलेली कर्करोगाची पेशी चिवट असेल, मोजणीची पद्धत पुरेशी संवेदनशील नसेल. यांपैकी प्रत्येक कारण संभवनीय होते, आणि म्हणूनच ही कारणे मला महिनोन्‌महिने पुरली. विसंगती दिसत असताना तिच्यावर कारणांचा थर चढवत जाणे ही माझी खरी चूक होती, असे मी आज मानते. पुढे जे सापडले ते केवळ तिचे रासायनिक रूप होते.

प्रयोगशाळेच्या साप्ताहिक बैठकीत मी हे आलेख मांडले तेव्हा आमच्या मार्गदर्शकांनी ते शांतपणे पाहिले आणि एकच प्रश्न विचारला: "लक्ष्यपेशी नसलेला खळगा कुठे आहे?" म्हणजे ज्यात केवळ मारक पेशी आणि प्रतिपिंड आहे, पण कर्करोगाची पेशीच नाही, असा खळगा. तो नव्हता. पेशी वाचवण्यासाठी मी तो पहिल्या महिन्यातच वगळला होता, कारण सुटे प्रतिपिंड मारक पेशीला चेतवत नाही हे मला पुस्तकातून ठाऊक होते. सीडी१६ हा दुबळ्या पकडीचा ग्राही आहे. एकेकटी शेपटी त्याला येऊन धडकते आणि सुटून जाते, आणि अनेक शेपट्या एखाद्या पृष्ठभागावर दाटीने उभ्या असल्या तरच ग्राही एकत्र खेचले जाऊन पेशीला संदेश मिळतो. कर्करोगाच्या पेशीवर ती दाटी घडून येते. तिच्याविना काहीच घडू नये, हे माझे गृहीत होते, आणि गृहीत आहे म्हणूनच ते तपासायला हवे होते.

पुढच्या रक्तासोबत मी तो खळगा भरला. आमच्या नव्या प्रतिपिंडाने लक्ष्यपेशी नसतानाही मारक पेशींच्या कणिका रिकाम्या करवल्या.

त्या संध्याकाळी मी फ्लो सायटोमीटरसमोर बराच वेळ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी प्रतिपिंडाची साठवलेली नळी घेऊन मी माझ्या जुन्या, ओळखीच्या यंत्राकडे गेले. रेणूंना आकारानुसार वेगळे करणाऱ्या स्तंभातून मोठे रेणू आधी बाहेर पडतात. मूळ प्रतिपिंडाचे एकच स्वच्छ शिखर आले. नव्या प्रतिपिंडाच्या मुख्य शिखराआधी मात्र दुसरे एक शिखर होते. प्रतिपिंडाचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके झाले होते. अमिनो आम्लांच्या बदलाने शेपटीची घडी थोडी सैल झाली होती, शुद्धीकरणातील आम्लाने तिला आणखी विसकटले होते, आणि मी एकच मोठी नळी दर आठवड्याला वितळवून पुन्हा गोठवत राहिल्याने उरलेसुरले नुकसान पूर्ण झाले होते. पुंजका म्हणजे दाटीने उभ्या असलेल्या शेपट्याच. मारक पेशी त्यांना बरोबर ओळखत होत्या आणि कर्करोगाची पेशी जवळ असो वा नसो, आपल्या कणिका पोषकद्रवात ओतून मोकळ्या होत होत्या. विकतचे तुलनेचे प्रतिपिंड वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या पद्धतीने बनलेले आणि पुंजक्यांपासून मुक्त होते, त्यामुळे त्याच्या शांत राहण्यातून माझ्या प्रतिपिंडाविषयी काहीच सिद्ध होत नव्हते.

प्रथिनांवर पाच वर्षे काम केलेल्या व्यक्तीला प्रथिनाचा दोष दिसू नये, याचे मला फार वाईट वाटले. परंतु हा दोष पेशीच्या वागण्याच्या रूपाने समोर आला होता, आणि त्या रूपात तो ओळखण्याची सवय मला नव्हती.

त्याच आठवड्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला टीजीएन१४१२ या प्रतिपिंडाच्या चाचणीचा इतिहास नीट वाचायला सांगितला. मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये सहा निरोगी स्वयंसेवकांना हे टी पेशींना चेतवणारे प्रतिपिंड पहिल्यांदा दिले गेले आणि काही तासांतच त्या सहाही जणांच्या शरीरात सायटोकाइन या, रोगप्रतिकारक पेशींच्या संदेशवाहक द्रव्यांचा उद्रेक होऊन त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. सर्व जण वाचले, परंतु काहींना कायमची इजा झाली. आधीच्या प्रयोगशाळेतील चाचण्यांत मानवी पेशींनी असा प्रतिसाद दिला नव्हता, कारण तेथे प्रतिपिंड द्रावणात सुटे होते. नंतर तेच प्रतिपिंड प्लेटच्या पृष्ठभागावर वाळवून चिकटवले, तेव्हा त्याच मानवी पेशींनी सायटोकाइन भरभरून सोडले. प्रतिपिंड तेच, मात्रा तीच, फक्त ते पेशीपुढे कोणत्या रूपात मांडले गेले एवढाच फरक. माझ्या खळग्यात जे घडले त्याची व्याप्ती काही नळ्यांपुरती होती, पण मूळ तेच होते. हे वाचल्यानंतर नियंत्रणाचे खळगे म्हणजे शोधनिबंधाच्या परीक्षकांसाठी करायची औपचारिकता, ही माझ्या मनात कुठेतरी दडलेली समजूत पूर्णपणे गेली.

सगळी प्रतिपिंडे मी नव्याने बनवली. तुलनेचे प्रतिपिंडही आता आमच्याच पद्धतीने, त्याच शेपटीसह बनवले. केवळ मुख्य शिखर गोळा केले, लहान लहान नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवले आणि एकदा वितळवलेली नळी पुन्हा गोठवायची नाही असा नियम केला. नव्या प्रतिपिंडाची आघाडी बहुतांश विरली. फ्युकोजरहित प्रतिपिंड मात्र पूर्वीसारखेच सरस ठरले, आणि आता कणिकांची मोजणी आणि मेलेल्या पेशींची मोजणी एकमेकांशी जुळू लागली. हातातून गेलेला निष्कर्ष मोठा होता, परंतु उरलेला निष्कर्ष खरा होता आणि त्यावर पुढचे काम उभे राहू शकत होते.

आकडे विश्वासार्ह झाल्यावर पहिल्यांदाच दाते एकमेकांपासून वेगळे दिसू लागले. एकाच प्रतिपिंडाला एका दात्याच्या पेशी जोमाने प्रतिसाद देत, दुसऱ्याच्या पेशी जेमतेम. याचे एक कारण जनुकात आहे. सीडी१६ ग्राहीच्या १५८ क्रमांकाच्या जागी काही लोकांत व्हॅलिन हे अमिनो आम्ल असते, काहींत फिनिलॲलनिन, तर काहींना दोन्ही प्रकार मिळालेले असतात, आणि व्हॅलिन असलेला ग्राही शेपटीला अधिक घट्ट धरतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रिटुक्सिमॅब घेतलेल्या फॉलिक्युलर लिम्फोमा या लसिकापेशींच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी ज्यांना दोन्हीकडून व्हॅलिनचा प्रकार मिळाला होता, त्यांचा प्रतिसाद इतरांपेक्षा चांगला दिसला होता. सर्वच औषधांत आणि सर्वच अभ्यासांत हा फरक इतका स्पष्ट आढळलेला नाही, हेही येथे सांगायला हवे. आम्ही तेव्हापासून सर्व दात्यांची सरासरी काढून एकच ठसठशीत स्तंभ दाखवणे बंद केले आणि प्रत्येक दात्याची स्वतंत्र रेषा आलेखात ठेवली. आलेख गिचमिड होतो हे खरे, पण सरासरी नावाचा कोणी रुग्ण नसतो.

दुसऱ्या वर्षात आणखी एक फसगत होता होता राहिली. मारक पेशी ओळखण्यासाठी मी सीडी१६ असलेल्या पेशी निवडून मोजत होते. परंतु मारक पेशी चेतवली गेली की एडीएएम१७ नावाचे विकर तिच्या पृष्ठभागावरील सीडी१६ कापून टाकते. म्हणजे ज्या पेशींनी सर्वांत जास्त काम केले, त्याच माझ्या मोजणीतून बाहेर पडत होत्या. या वेळी लक्ष्यपेशी नसलेला खळगा हजर होता, आणि त्यातील व शेजारच्या खळग्यातील मारक पेशींची एकूण संख्या जुळेना म्हणून हे लगेच लक्षात आले. मग आम्ही मारक पेशींची दुसरी ओळखखूण असलेले सीडी५६ हे प्रथिन असलेल्या आणि टी पेशींची खूण असलेले सीडी३ नसलेल्या पेशी निवडू लागलो. ग्राही गळून पडणे हे पेशीचे केवळ नुकसान नसावे असे मला वाटते, कारण शेपटीची पकड सुटल्याशिवाय मारक पेशीला एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर जाता येणार नाही.

भक्षक पेशींवरचे काम मी थोडकेच केले. रक्तातील मोनोसाइट पेशींना आठवडाभर वाढवून त्या तयार होतात, आणि प्रतिपिंडाने माखलेली कर्करोगाची पेशी त्या गिळतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र असे दिसले की पुष्कळदा त्या पेशी गिळण्याऐवजी तिच्या आवरणाचे लचके तोडतात आणि प्रतिपिंडासह लक्ष्य-प्रथिनही घेऊन जातात. कर्करोगाची पेशी मागे जिवंत उरते, आणि तिच्यावर औषधाला पकडायला आता पूर्वीइतके काही शिल्लक नसते. फ्लो सायटोमीटरच्या आकड्यांत गिळणे आणि लचका तोडणे सारखेच दिसते. त्यासाठी डोळ्यांनीच पाहावे लागते.

तिसऱ्या वर्षी रुग्णांचे नमुने मिळू लागले. नीतिविषयक समितीची मान्यता, रुग्णाची लेखी संमती आणि कित्येक महिन्यांचा पत्रव्यवहार यांनंतर पहिली नळी आली ती फुप्फुसाच्या आवरणात साठलेल्या द्रवाची. रुग्णाचा त्रास कमी व्हावा म्हणून काढलेला, एरवी टाकून दिला जाणारा तो द्रव होता. नळीवर एक क्रमांक आणि एक तारीख, एवढेच. निरोगी दात्याचे रक्त कमी पडले तर पुढच्या आठवड्यात पुन्हा मिळते, परंतु या नळीतला प्रयोग पुन्हा होणार नव्हता. द्रवात कर्करोगाच्या पेशींचे लहान घोस होते आणि त्यांच्यासोबत त्याच शरीरातील रोगप्रतिकारक पेशीही होत्या. मारक पेशी अगदी थोड्या निघाल्या, आणि निरोगी रक्ताच्या तुलनेत त्यांच्यावर सीडी१६ कमी होते. जी शेपटी पेशींना नीट वाचता यावी म्हणून आम्ही इतकी वर्षे सुधारत होतो, ती वाचणारेच येथे दुबळे झालेले होते.

मोजणी केली तेव्हा जेमतेम दहा खळग्यांना पुरतील एवढ्या मारक पेशी हाती आल्या. मी प्लेटच्या कागदावर दहा वर्तुळे काढली आणि सहकाऱ्यांसोबत बसून कोणते प्रश्न वगळायचे ते ठरवले. भक्षक पेशी वगळल्या, सहा मात्रांऐवजी एकच मात्रा ठेवली, तीन खळग्यांऐवजी दोन केले. मूळ प्रतिपिंड, फ्युकोजरहित प्रतिपिंड, तुलनेचे प्रतिपिंड, काहीही न घातलेल्या पेशी, मिळून आठ खळगे झाले. उरलेल्या दोन वर्तुळांत मारक पेशी आणि फ्युकोजरहित प्रतिपिंड आले, लक्ष्यपेशी नाही. प्लेट लावायला बसले तेव्हा मी ते दोन खळगे सर्वांत आधी भरले.